तुमच्या पुरवणीतल्या दगडाबद्दल आणि नसेबद्दल

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत विज्ञानाच्या पानावर तुम्ही दोन बातम्या शेजारी शेजारी छापल्या होत्या, एक अश्मयुगातल्या दगडी हत्यारांचा व्यापार कुठून कुठं चालायचा ते कसं शोधतात त्याबद्दल आणि दुसरी गाठीचं ऑपरेशन करायच्या आधी नस कुठून गेलीय ते स्कॅनमध्ये कसं बघतात त्याबद्दल. दोन्ही दोनदोनदा वाचल्या. माहिती चांगली होती पण शीर्षकं बघून डोकं फिरलं. ‘यंत्र सांगतं दगडाचा पत्ता’ आणि ‘आता नस कापण्याची भीती संपली’. तसं नाही हो ते. मी काय डॉक्टर नाही आणि इतिहासवाला पण नाही, टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं केबल जॉइंटर होतो, खानापूर, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग सगळीकडं ट्रेंचमध्ये उकिडवं बसून आयुष्य गेलं. पण या दोन्ही बातम्यांतलं एकेक काहीतरी माझ्या घरात आहे. एक दगड आहे आणि एक बायको आहे. (क्रम चुकला, बायको पहिली. हे तिनं वाचायच्या आत दुरुस्त करून छापा.)

तर आधी नसेचं सांगतो. २०१५ साली आमच्या हिला फोनवर ऐकू येईना झालं. ही फोन कायम डाव्या कानाला लावणार, उजव्या हातात उलथनं असतंय म्हणून. ‘कोण बोलतंय, मोठ्यानं बोला की’ असं ओरडायची. आता घरात टेलिफोनवाला म्हटल्यावर त्यानं काय करावं? मी रिसिव्हर बदलला. मग कॉर्ड बदलली. मग परत दुसरा रिसिव्हर बसवला. मग डीपीपासून (गल्लीतल्या जोडपेटीपासून) घरापर्यंतची वायरच नवीन ओढली आणि आमच्याच एक्स्चेंजमधल्या पोरांना शिव्या घातल्या की लाईनमध्ये फॉल्ट आहे म्हणून. सात-आठ महिने असे गेले. एक दिवस पाहुण्यांकडची मुलगी म्हणाली काकी उजव्या कानाला लावून बघा, तर सगळं लख्ख. फॉल्ट लाईनमध्ये नव्हता, कानाच्या मागं होता.

एमआरआय केला तर ऐकण्याच्या नसेवर गाठ, पावणेतीन सेंटीमीटरची. कॅन्सर नव्हे, साधी, सावकाश वाढणारी. पण जागा वाईट. मेंदूतून निघणारी आठव्या नंबरची नस ऐकण्याची आणि तोल सांभाळायची, आणि तिला अगदी चिकटून सातव्या नंबरची, चेहऱ्याची. गाठ आठवीची पण धोका सातवीला. ती दुखावली की डोळा मिटत नाही, तोंड वाकडं होतं, चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळतो. इथं एक सांगायलाच पाहिजे, आपल्याकडं नस म्हटलं की लोकांना रक्ताची वाटते, तुमच्या बातमीबरोबरचं चित्र पण रक्तवाहिन्यांचंच होतं. ही नस पाईप नव्हे, वायर आहे. पाईप फुटला तर जोडता येतो, वायर तुटली तर जोडूनसुद्धा पूर्वीसारखा आवाज येईलच असं नाही, हे माझ्याएवढं कुणाला माहीत.

मोठ्या शहरातल्या सर्जननी सांगितलं की गाठ कुठं आहे ते दिसतंय पण सातवी नस कुठं आहे ते दिसत नाही, कारण गाठ वाढता वाढता तिला बाजूला ढकलत नेते. आमच्या गावाकडच्या एका सेंटरवरच्या स्कॅनचा डेटा त्यांना चालेना, परत तीन टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर करायला लागला, पैसे गेले ते गेलेच. तेव्हा मला जे कळलं ते असं. आपल्या अंगात पाणी आहे, ते सतत इकडं तिकडं हलत असतं. नसेत मात्र ते लांबीच्या दिशेनं सहज सरकतं, आडवं जायला अडतं, दोऱ्यांच्या जुडग्यात पाणी जसं दोऱ्याच्या बाजूनं पळतं तसं. मशीन कमीत कमी सहा, बहुतेक वेळा तीस किंवा जास्त दिशांनी हे सरकणं मोजतं आणि त्यावरून दोरी कुठल्या दिशेला पडलीय त्याचा अंदाज बांधतं. १९९४ च्या सुमारास पीटर बासर नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सोबतच्यांनी याचं गणित मांडलं. मग कॉम्प्युटर त्यात रंग भरतो, लाल म्हणजे डावं-उजवं, हिरवा म्हणजे पुढं-मागं, निळा म्हणजे वर-खाली. मी तर बघून हसलोच. आयुष्यभर जेली केबलमध्ये पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा करत पेअर, म्हणजे तारांच्या जोड्या, जुळवल्या आणि इथंही कलर कोड!

सर्जननी पडद्यावर दाखवलं, करड्या गाठीवरनं पुढच्या अंगानं वर चढत गेलेला एक पिवळा धागा. मी म्हटलं चला, रूट मिळाला. ते म्हणाले थांबा. मशीनचं चित्र ज्या बारक्या ठोकळ्यांचं बनतं तो एकेक ठोकळा दोन मिलिमीटरच्या आसपास, नस मुळात जेमतेम एक-दीड मिलिमीटर, आणि गाठीवर ताणून ती भिजलेल्या कागदासारखी पसरलेली, त्यात आजूबाजूला पाणीच पाणी. म्हणजे एका ठोकळ्यात नस, गाठ आणि पाणी तिन्ही आलं की हिशोब चुकतो. शिवाय कॉम्प्युटरला दोन टोकं देऊन रेघ ओढ म्हटलं की तो रेघ ओढतोच, तिथं नस असो वा नसो. ‘हे खरं धरून मी आत जाणार नाही, पण पहिल्यांदा कुठं बघायचं ते कळलं,’ एवढंच ते म्हणाले. बहुतेकांची नस गाठीच्या पुढच्या बाजूला ढकललेली असते, कानामागनं उघडणाऱ्या डॉक्टरला ती पलीकडं पडते. शंभरातल्या थोड्याच लोकांत ती मागं येते, म्हणजे हत्यार पहिलं तिच्यावरच. खरा उपयोग तिथं आहे, आधी सावध व्हायला.

हे मला पटकन कळलं कारण आमचंही अगदी हेच होतं. सबडिव्हिजनच्या कपाटात केबलचे नकाशे असायचे, रस्त्याच्या कडेपासून इतके फूट, खोली एक मीटर, वर विटा. कागदावर सगळं सरळ. पण मधे कुणीतरी गटार खोदताना केबल उचलून पलीकडं सरकवलेली असायची, नाहीतर झाडाच्या मुळानं ढकललेली, आणि नकाशा तसाच जुना. म्हणून आम्ही ट्रेसर लावायचो, एका टोकाला केबलमध्ये टोन सोडायचा आणि दुसरा माणूस वरनं कॉइल फिरवत कानानं ऐकत जायचा. तरी त्या टोनवर भरवसा ठेवून कुदळ नाही मारायची. शेवटचा हातभर हातानं, खुरप्यानं. एकदा रस्त्याच्या एका कंत्राटदारानं आमचं ऐकून न घेता जेसीबी घातला आणि दोनशे पेअरची केबल मधोमध तोडली, दोन रात्री बॅटरीच्या उजेडात पेअर जुळवत बसलो होतो, अर्ध्या पेठेचे फोन बंद, शिव्या मात्र आम्हालाच.

आणि ऑपरेशनमध्ये पण टोन आहे बरं का! डोळ्याजवळच्या आणि ओठाजवळच्या स्नायूत बारीक सुया टोचून ठेवतात, सर्जन आत अगदी थोडा करंट असलेली काडी गाठीवरनं टेकवत जातो, नसेवर टेकली की स्नायू हलतो आणि स्पीकरवर आवाज येतो. शेवटी भरवसा त्या आवाजावर आणि हातावर, पिवळ्या धाग्यावर नाही. आमच्या हिची नस पुढंच सापडली, पण स्कॅनमध्ये वर दाखवली होती त्यापेक्षा बरीच खाली आणि चपटी झालेली. नसेला चिकटलेलं गाठीचं सालपट मुद्दाम ठेवून दिलं, दरवर्षी एमआरआय करून त्यावर लक्ष ठेवायचं. चार महिने डोळा मिटत नव्हता, दिवसा थेंब आणि रात्री पापणीवर टेप. आता हसताना डावा कोपरा जरा मागं राहतो एवढंच. डावा कान गेला तो गेला. आता सांगा, भीती संपली असं छापायचं काय? परवा चहाच्या गाड्यावर एकजण तुमचा पेपर दाखवून मला म्हणत होता की आता ऑपरेशनला काय रिस्कच नाही की ओ. त्याच्या मेव्हण्याची कानाखालची गाठ आहे, गालातल्या लाळेच्या ग्रंथीची. तिथं तर हीच चेहऱ्याची नस ग्रंथीच्या आतनंच फांद्या फुटत जाते.

आता दगड. १९९५ च्या उन्हाळ्यात सौंदत्तीच्या पलीकडं मलप्रभा नदीच्या बाजूला ट्रेंच चालू होती. खोदणाऱ्या गँगमधल्या एकानं मातीतनं एक काळा दगड काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, ‘सिडिल कल्लु री’, म्हणजे विजेचा दगड, आभाळातनं पडलेला. तळहातभर लांब, एका बाजूला निमुळता, दुसऱ्या बाजूला धार, आणि ती धार अशी गुळगुळीत की अंगठा फिरवत राहावंसं वाटतं. वीसेक वर्षं तो आमच्या फोनखालच्या बिलांवर वजन म्हणून होता. मग एका ओळखीच्या कॉलेजच्या सरांनी बघितला आणि खुर्चीतनं उठलेच. नवाश्मयुगातली कुऱ्हाड आहे म्हणाले, तीन हजार वर्षांच्या वरची असणार.

त्यांचा पहिला प्रश्न, दगड कुठला? कारण बळ्ळारीजवळ संगनकल्लू-कुपगलला अशा कुऱ्हाडींचा अक्षरशः कारखाना होता. हिरेगुड्डा नावाच्या टेकडीवर डोलराइट या काळ्या दगडाची भिंतीसारखी पट्टी ग्रॅनाइटमधनं वर आलीय, तिथं लोक दगड फोडायचे, घडवायचे, मग ग्रॅनाइटवर घासून पॉलिश करायचे. कपच्यांचे ढीग आणि अर्धवट मोडलेल्या कुऱ्हाडी अजून सापडतात. इ.स.पू. १४०० ते १२०० च्या सुमारास तिथं इतका माल व्हायचा की स्वतःपुरता नक्कीच नव्हता, बाहेर जात होता. सौंदत्तीपासनं ते सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास. माझा दगड तिथला असेल तर तो सौंदत्तीला चालत चालत, हातोहात आला. (पेठेतल्या एकानं लगेच विचारलं, कुऱ्हाड महाराष्ट्रातली की कर्नाटकातली? म्हटलं बाबा, तिला अर्ज भरायला लावतोस काय.)

पण काळा दगड म्हणजे डोलराइट असं होत नाही. आपल्या पश्चिमेला आणि उत्तरेला सगळा बेसाल्ट, तोही काळाच. गोकाककडं गेलं की वाळूचा दगड आणि क्वार्टझाइट. डोलराइटच्या पट्ट्या तर कर्नाटकात ठिकठिकाणी आहेत. रंगावरनं काही कळत नाही, दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली आतले कण बघायचे, नाहीतर एक्स-रे मारून रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम असली मूलद्रव्यं किती आहेत ते मोजायचं. ते यंत्र हातात धरायच्या बंदुकीसारखं मिळतं, दगड न तोडता चालतं, खरं आहे. पण ते पत्ता सांगत नाही हो, आकडे सांगतं. ते आकडे कशाशी तरी जुळवायला लागतात. त्यासाठी आधी कुणीतरी उन्हातान्हात प्रत्येक खाणीवर, प्रत्येक पट्टीवर जाऊन नमुने आणून त्यांचे आकडे काढून ठेवलेले पाहिजेत. परदेशात ज्वालामुखीच्या काचेचं, ऑब्सिडियनचं जमलं कारण प्रत्येक ज्वालामुखीची काच वेगळी. १९६४ मध्ये कान आणि रेनफ्रू या दोघा संशोधकांनी भूमध्य समुद्राभोवतीच्या काचेवर ते दाखवलं. ग्रीसमधल्या मिलोस बेटाची काच समुद्र ओलांडून मुख्य भूमीवरच्या फ्रांख्थी गुहेत पोचली होती, तीही शेती सुरू व्हायच्या आधी, हे पुढं त्याच पद्धतीनं पक्कं झालं. आणि पुढं रेनफ्रूनं दाखवलं की खाणीपासनं लांब जाल तसं त्या दगडाचं प्रमाण कमी कमी होतं, म्हणजे एकच व्यापारी घेऊन फिरत नव्हता, शेजारी शेजाऱ्याला देत होता. आपली कुंदा मिठाई बेळगावात घरोघरी, कोल्हापुरात पाहुण्यांच्या डब्यात, मुंबईत एखाद्याच्या फ्रिजमध्ये, तसं. आपल्याकडं डोलराइट, चकमक, क्वार्टझाइट, त्यांचं इतकं सोपं नाही, एकाच पट्टीत दोन ठिकाणचे आकडे वेगळे निघू शकतात.

सरांचा दुसरा प्रश्न, सापडला कुठं? आणि तिथं माझी दातखीळ बसली. ट्रेंचमध्ये. कुठल्या ट्रेंचमध्ये? त्या उन्हाळ्यात आम्ही वीस-बावीस किलोमीटर खोदलं होतं. गाव कुठलं, किती खोल, बाजूला राख होती का, खापरं होती का, काही लिहून ठेवलं नाही. केबलच्या प्रत्येक जॉइंटची नोंद माझ्या डायरीत होती, कुठल्या झाडापासनं किती मीटर ते पण. दगडाची नाही. रॉबर्ट ब्रूस फूट हा ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञ, ज्यानं १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला भारतातलं पहिलं पुराश्मयुगीन हत्यार ओळखलं, तोच माणूस पुढं आपल्या भागात फिरला, दक्षिण मराठा मुलखाच्या भूगर्भावरचा त्याचा ग्रंथ १८७६ चा आहे. त्याचा दगडांचा साठा मद्रासच्या म्युझियममध्ये गेला, त्याच्या कॅटलॉगमध्ये दगड गावागावांप्रमाणे लावलेत. बैलगाडी-घोड्यावरनं फिरणाऱ्या माणसाला जमलं ते मला जीपमध्ये बसून जमलं नाही. समजा उद्या यंत्रानं सांगितलं की दगड कुपगलचा, तरी वाटेचं एकच टोक हातात. दुसरं टोक मीच हरवलं.

म्हणून विनंती अशी की दोन्ही शीर्षकांची दुरुस्ती छापा, आणि जमलं तर एवढं पण छापा की शेतात, विहिरीत, पाईपलाईनच्या चरात असा दगड सापडला तर तो उचलायच्या आधी मोबाईलवर जागेसकट फोटो काढा, आता तर लोकेशन आपोआप येतं. आणि १९९५ च्या उन्हाळ्यात सौंदत्तीच्या पलीकडच्या ट्रेंचवर असलेल्या गँगमधल्या कुणी हे वाचलं, किंवा कुणी वाचून त्यांना कन्नडमध्ये सांगितलं, आणि तो विजेचा दगड कुठल्या गावाच्या शिवारात निघाला ते आठवत असेल, तर कृपया तुमच्या ऑफिसात कळवावं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एका मोठ्या चिंचेखाली बसलो होतो, जवळ एक बंद पडलेली मोटेची विहीर होती, एवढंच माझ्या लक्षात आहे.

आपला,
एक निवृत्त केबल जॉइंटर
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव