वर्ष संपले, पण इयत्ता संपली का?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शाळांचे निकाल आणि निरोपाचे कार्यक्रम यंदा, २०२१ साली, कोविडमुळे पडद्यावरच उरकले जात आहेत. त्यांची छायाचित्रे आपल्या दैनिकातही येतात. चौकोनाचौकोनांत बसलेली मुले, कुणाच्या डोक्यावर कागदी टोपी, कुणाचे नुसतेच कपाळ. खाली ओळ असते, 'दूरस्थ शिक्षणाचे वर्ष मुलांनी यशस्वीपणे पूर्ण केले.' मी दुसरीची वर्गशिक्षिका आहे. आमच्या वर्गाचेही असे छायाचित्र निघाले आणि त्यात मी हसतेही आहे. पण त्या 'पूर्ण केले'पाशी मी अडते, म्हणून हे पत्र.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच जगातल्या बहुतेक शाळा बंद झाल्या. युनेस्कोच्या हिशेबाने १९०हून अधिक देशांतले १५० कोटींवर विद्यार्थी तेव्हा घरी बसले होते. त्यांपैकी किमान ४६.३ कोटी मुलांपर्यंत रेडिओ, दूरचित्रवाणी, इंटरनेट यांपैकी कोणत्याही मार्गाने शिक्षण पोहोचूच शकत नव्हते, असे युनिसेफने ऑगस्ट २०२०मध्ये सांगितले. एवढे मोठे आकडे माझ्या डोक्यात मावत नाहीत. मला कळतो तो माझा हजेरीपट. त्यात ३८ नावे आहेत. रोज दिसणारी २२-२३, अधूनमधून उगवणारी दहाएक, आणि उरलेली पाच-सहा मुले म्हणजे माझ्यासाठी वर्षभर फक्त फोन नंबर. त्यांतला एक फोन वडिलांबरोबर कामावर जायचा. तो मुलगा रात्री आठला मला आवाजी संदेश पाठवायचा, मागे भांड्यांचा आवाज असायचा. शाळेच्या नोंदीत तो गैरहजर आहे. माझ्या मते वर्गातला सर्वांत नियमित विद्यार्थी तोच.

आता माझीच एक चूक सांगते. दिवाळखोर माणूस हिशेबाची वही लपवतो तशी ती मी काही महिने लपवली होती. वाचनाच्या मूल्यमापनासाठी आम्ही मुलांकडून धडा वाचतानाची ध्वनिफीत मागवत होतो. एका मुलीची फीत इतकी सुरेख होती, की मी ती दोनदा ऐकली. विरामचिन्हांवर थांबणे, प्रश्नचिन्हाला आवाज वर नेणे, सगळे जागच्या जागी. मी 'अ' श्रेणी देऊन मोकळी झाले. पुढे एकदा सहज तोच धडा वाक्यांची उलटापालट करून पाठवला. शब्द तेच, क्रम तेवढा वेगळा. तिने पहिला शब्द ओळखला आणि त्यापुढे जुनाच धडा जुन्याच क्रमाने म्हणून दाखवला. डोळे कागदावर होते, पण वाचत कान होते. मी पाठवलेली माझ्याच आवाजातली फीत तिने इतक्या वेळा ऐकली होती, की धडा तिला पाठ झाला होता. वर्गात हे पहिल्याच आठवड्यात कळले असते. शेजारी उभे राहून निम्मी ओळ तळव्याने झाकायची आणि मधल्याच शब्दावर बोट ठेवायचे, एवढेच तर करायचे असते. पडद्यातून तळवा पोहोचत नाही.

मग मी बाकीच्यांनाही तसेच उलटसुलट धडे पाठवले. काय निघाले त्याचा तपशील देत नाही, मुलांची नावे नसली तरी ती ओळखू येतील. एवढेच सांगते, की माझी श्रेणीपत्रके आणि माझी मुले यांची फारशी ओळख उरलेली नव्हती.

यात मुलांचा दोष नाही. पालकांचाही नाही, निदान मी तो काढणार नाही. पडद्याबाहेरून उत्तर कुजबुजणारा मोठा भाऊ, ओळीखालून सरकणारे आईचे बोट, एकाच गृहपाठात दिसणारी तीन वळणांची अक्षरे हे सगळे मी पाहिले आहे. त्यावर हसलेही आहे. एक आजी तर रोज वर्गाला बसायच्या. एकदा मी वजाबाकी विचारली आणि नातवाच्या आधी त्यांनीच उत्तर दिले, तेही बरोबर. घराने शाळेला हात दिला, त्यात त्या हाताचे ठसे उमटणारच. प्रश्न असा आहे, की तो हात काढला तर खाली मुलाचे स्वतःचे किती उरते, आणि हे आज कुणाला ठाऊक आहे?

नेदरलँड्समधल्या प्राथमिक शाळांचा एक अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तिथे पहिल्या लाटेत शाळा आठ आठवडे बंद होत्या. घरोघरी उत्तम इंटरनेट असलेला तो देश. तरीही सुमारे साडेतीन लाख मुलांच्या चाचण्या आधीच्या वर्षांशी ताडून पाहिल्या, तेव्हा मुले साधारण एक पंचमांश शैक्षणिक वर्षाने मागे पडलेली दिसली. म्हणजे शाळा जेवढी बंद, तेवढीच पिछाडी. घरून शिकताना मुलांची प्रगती जवळपास झालीच नाही. कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांत हा तोटा ६० टक्क्यांपर्यंत जास्त होता. हे आठ आठवड्यांचे. आमचे वर्ष गेले आहे.

पण मला त्याहून जास्त घाबरवणारी गोष्ट दुसरीच आहे आणि ती जुनी आहे. ८ ऑक्टोबर २००५ रोजी उत्तर पाकिस्तानात भूकंप झाला. भूकंपक्षेत्रातल्या शाळा सरासरी १४ आठवडे बंद राहिल्या. चार वर्षांनी संशोधक तिथे गेले, तेव्हा घरे पुन्हा उभी राहिली होती, संसार सावरले होते, मुलेही शाळेत परतलेली होती. पण जमीन जिथे फाटली त्या रेषेजवळच्या गावांतली मुले दूरच्या मुलांपेक्षा सुमारे दीड वर्षाने मागे होती. बंद होती १४ आठवडे आणि पिछाडी दीड वर्षाची! संशोधकांनी याचा अर्थ असा लावला, की तोटा शाळा बंद असताना झाला त्याहून जास्त ती उघडल्यावर वाढत गेला. पुस्तक पुढे सरकत राहिले आणि मागे राहिलेल्याला हात धरून कुणी घेतले नाही. जे मूल तिसरीच्या पहिल्या धड्याला अडले, ते दहाव्या धड्यापर्यंत ऐकायचेच सोडून देते. हे मी कोणत्याही अभ्यासाशिवाय सांगू शकते. वर्गात शेवटच्या बाकावर ते दिसते. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट: ज्या मुलांच्या आयांनी प्राथमिक शाळा पूर्ण केली होती, त्यांच्यात ही पिछाडी दिसली नाही. त्या आयांनी घरी काय केले असेल, याचा विचार माझ्या मनात वरचेवर येतो.

म्हणजे धोका सरलेल्या वर्षात जेवढा आहे, त्याहून अधिक तो येणाऱ्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत आहे. आणि आपण सगळे मिळून नेमके तेवढेच विसरायच्या तयारीत आहोत. मुलांना वर चढवायलाच हवे. त्यांना त्याच इयत्तेत बसवणे क्रूरपणाचे होईल आणि निरुपयोगीही. माझी तक्रार वर चढवण्याबद्दल नाही. ती रिकाम्या हाती वर चढवण्याबद्दल आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. वर्ष बंद करण्यापूर्वी प्रत्येक वर्गशिक्षकाने प्रत्येक मुलाबद्दल पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला एक चिठ्ठी लिहावी. श्रेणी नको, टक्के नकोत, 'समाधानकारक' हा शब्द तर अजिबात नको. अनोळखी मजकूर वाचतो की पाठ म्हणतो. हातच्याची वजाबाकी एकट्याने करतो का. मनाने तीन-चार वाक्ये लिहितो का, आणि लिहिताना पेन्सिल कशी धरतो. (हे शेवटचे क्षुल्लक वाटेल. पण वर्षभर पडद्यावर बोट फिरवलेला सात वर्षांचा हात अर्धे पान लिहून दुखायला लागतो आणि मग मूल 'मला येत नाही' म्हणते. येत असते, हात थकलेला असतो.) घरी फोन कुणाचा आणि किती वाजता मोकळा असतो. वर्षभरात या घरात कुणी आजारी पडले का, कुणी गेले का. नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी 'बाबांनी सुट्टीत काय केले' असा निबंध घालू नये, म्हणून हे फार महत्त्वाचे.

ही चिठ्ठी मिळालेल्या शिक्षकाला मग नवे पुस्तक काही आठवडे न उघडण्याची मुभा हवी. नुसती तोंडी नव्हे, लेखी. कारण अभ्यासक्रम किती झाला याचा तक्ता दर महिन्याला मागितला जातो आणि त्या तक्त्यात 'मुलांना वाचायला शिकवले' असा रकाना नसतो.

अडचण मला माहीत आहे. अशी खरी चिठ्ठी लिहिणे म्हणजे शिक्षकाने स्वतःविरुद्ध साक्ष देणे. 'मग वर्षभर केलेत काय?' हा प्रश्न मुख्याध्यापकांकडून येईल, वरून येईल, पालकांकडूनही येईल. मी ही कल्पना शिक्षकांच्या बैठकीत मांडली तेव्हा आधी शांतता झाली. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, 'बाई, ही चिठ्ठी फाइलला लावायची का?' प्रश्न अगदी रास्त होता. माझे उत्तर, नाही. ती एका शिक्षकाने दुसऱ्याच्या हातात द्यावी, रुग्णालयात पाळी बदलताना परिचारिका एकमेकींना रुग्ण सांगतात तशी. तिथे कुणी 'रुग्णाने रात्र यशस्वीपणे पूर्ण केली' एवढेच म्हणून घरी जात नाही.

पालकांना एकच विनंती. सुट्टीत भरून काढण्याच्या नावाखाली मुलांपुढे कार्यपत्रिकांचा ढीग टाकू नका. त्यांना बाहेर सोडता येईल तिथे सोडा. वाचायचेच तर तुम्ही वाचून दाखवा, आणि मधेच थांबून 'पुढचे तू' म्हणा. 'आमच्याला काही येईनासे झाले' हे वाक्य मात्र मुलासमोर बोलू नका. या वर्षात मुले काही कमावूनही आली आहेत. वर्गात वर्षानुवर्षे तोंड न उघडणाऱ्या प्रकारचा एक मुलगा आवाजी संदेशात गोष्टी सांगायला लागला, लांबलचक, स्वतः रचलेल्या. त्याच्या चिठ्ठीत मी ते सगळ्यात वर लिहिले आहे.

संपादक महोदय, शेवटची विनंती आपल्याला. १९३७ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात पोलिओच्या साथीमुळे शाळा वेळेवर उघडल्या नाहीत, तेव्हा तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून अधिक मुलांना रेडिओवरून धडे दिले गेले. त्या धड्यांची वेळापत्रके, सूचना आणि प्रश्न शहरातली वृत्तपत्रे छापत होती. शंका विचारायला शिक्षक दूरध्वनीपाशी बसलेले असत. पहिली-दुसरीची मुले मात्र त्या योजनेत नव्हतीच. चिमुकल्यांना दुरून शिकवता येत नाही हे तेव्हाच कुणाला तरी उमगले होते की काय, असे मला उगाच वाटून जाते.

आपणही सुट्टीभर रोज एका कोपऱ्यात दहा ओळी छापाल का? मुलांनी आधी कधीही न ऐकलेला मजकूर, मोठ्या टायपात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. चित्र नसले तरी चालेल. ज्यांच्या घरी वृत्तपत्र येत नाही त्यांच्यासाठी मी कात्रणे जमवीन. आमच्या शाळेतल्या मावशी ती पोहोचवायला तयार आहेत. वर्षभर घंटा न वाजवता त्यांचाही हात आखडला आहे, असे त्या म्हणतात. ओळी लिहून द्यायला कुणी नसेल तर पहिल्या आठवड्याच्या मी सोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
दुसरीची एक वर्गशिक्षिका