फ्लू, जनुकं आणि आपली सोयरीक

माननीय संपादक,

पावसाळा लागला की खानापूर-निपाणीकडे ‘आमच्या घराण्यातच छाती नाजूक’ हे वाक्य हमखास कानावर पडतं. ते ऐकून जनुक-चाचणीवर पैसे घालणाऱ्यांसाठी हे पत्र.

कोविड बळावण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा तुकडा निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवाकडून आला, हे ह्यूगो झेबर्ग आणि स्वान्ते पाबो या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं. दक्षिण आशियात तो साधारण निम्म्या लोकांत आहे, युरोपात सहांत एकाकडे. म्हणजे तो सापडला तर तुम्ही गावातल्या दर दुसऱ्या माणसासारखे! पंच्याहत्तरी उलटलेलं वय त्याहून कितीतरी जड पडतं. बाराव्या गुणसूत्रावरचा निअँडरथल तुकडा तर उलट थोडं संरक्षणच देतो.

खरी काळजी दुर्मीळ बिघाडांची. विषाणू शिरताच पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. या साखळीतल्या एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या, तर धडधाकट मूलही फ्लूने व्हेंटिलेटरवर जाऊ शकतं. याच साखळीतल्या आयआरएफ-7 जनुकातला असा बिघाड 2015 मध्ये एका लहान मुलीत नोंदला गेला. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, काही घरांत मामा-भाचीचंही लग्न लागतं. त्यामुळे कुठल्याही एका जनुकाची एकाच पूर्वजाकडची प्रत आईवडील दोघांकडून येण्याची शक्यता आतेमामे भावंडांच्या मुलात सोळांत एक, मामा-भाचीच्या मुलात आठांत एक.

एरवी निरोगी मूल फ्लूने आयसीयूत गेलं किंवा त्याचं भावंड असंच दगावलं असेल, तर डॉक्टरांना तीन पिढ्यांची नाती कागदावर काढून द्या. ‘लांबची सोयरीक’ एवढं सांगून भागत नाही, कोण कुणाची कोण ते लिहा.

जनुक-चाचणीसाठी रक्त 2-3 मिली, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं द्रव्य) नळीत. नळी लगेच आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करावी, नाहीतर गुठळी होऊन नमुना वाया जातो. हिरव्या टोपणाच्या नळीतलं हेपॅरिन (हेही रक्त गोठू देत नाही) पीसीआरला, म्हणजे चाचणीत डीएनएच्या प्रती काढण्याच्या क्रियेला, आडवं येतं. मुलाला नुकतंच रक्त चढवलं असेल तर आधी सांगा, दात्याच्या पांढऱ्या पेशी मिसळलेल्या असू शकतात. आईवडिलांचे नमुनेही द्यावेत. त्यांच्याशिवाय बदल कुणाकडून आला ते कळत नाही.

निदान झालंच तर दरवर्षी फ्लूची टोचण्याची लस आणि फ्लूची शंका येताच, शक्यतो पहिल्या 48 तासांत, डॉक्टरांच्या सल्ल्याने ओसेल्टामिविर. पुढच्या गरोदरपणाआधी समुपदेशनही घ्यावं, कारण आईवडील दोघे वाहक (एक प्रत बिघडलेली, एक चांगली) असतील तर प्रत्येक खेपेला धोका चारांत एक.

— एक बालरोगतज्ज्ञ, बेळगाव