अर्ध्या शटरमागच्या ताईंचे आभार
ठाणे स्टेशनजवळच्या झेरॉक्स दुकानातल्या त्या ताईंचे मनापासून आभार. पायथन या प्रोग्रामिंग भाषेवरच्या आमच्या मराठी संदर्भपुस्तिकेच्या सुधारित प्रती शनिवारी रात्री छापायला दिल्या होत्या, सकाळी वर्ग होता. दहा-बारा पानं निघाली आणि ताईंनी मशीन थांबवलं. "दादा, इथे अजून डिस्ट्यूटिल्स आहे. ३.१२ मध्ये ते काढून टाकलंय ना?" खरंच की! डिस्ट्यूटिल्स म्हणजे पायथनसोबत पूर्वी मिळणारं, प्रोग्रॅम वाटपासाठी बांधायचं मॉड्यूल (तयार कोडचा संच); २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ आवृत्तीतला तो बदल माझ्या नजरेतून सुटलाच होता. शटर अर्धं ओढून त्यांनी दुकानाच्या कॉम्प्युटरवर एकेक उदाहरण चालवून बघितलं. त्याच आवृत्तीत काढलेलं इम्प मॉड्यूलही तसंच राहिलेलं, तिथे त्याच्या जागी वापरायचं इम्पोर्टलिब घातलं. चुकलेल्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीचं बारीकसं टिंब. साडेअकरा वाजले. वाया गेलेल्या पानांचे पैसेही घेतले नाहीत. गडबडीत नाव विचारायचं राहिलं. ताई, पुढची आवृत्ती छापण्याआधी तुम्हालाच दाखवायला आणतो.