तुझ्या डोळ्याला जमेल तोच स्कोप घे

नागपूर, २८ मे

प्रिय मित्रा,

काल फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं ना बे, तुझ्याकडे सकाळचे अकरा आणि माझ्याकडे दुकानाचं शटर ओढायची वेळ, त्यात गिऱ्हाईक समोर उभं. आज नवतप्याचा चौथा दिवस आहे, दुपारी धरमपेठेत रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, कूलरसमोर बसून तुला निवांत लिहून राहिलो. कारण तू रायफलवर जो ६ ते २४ पॉवरचा (म्हणजे तेवढ्या पटीने मोठं दाखवणारा), पन्नास एमएमच्या काचेचा स्कोप घ्यायचं म्हणून राहिला आहे ना, तो घेऊ नको. ऑर्डर केली असेल तर परत कर. का ते सांगतो, आणि जरा लांबणार आहे, वाच शेवटपर्यंत.

पहिली गोष्ट तर रूलचीच. तुला या जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे अमेरिकेत ओहायोतल्या कॅम्प पेरीला उतरायचं आहे, जिथे १९०७ पासून नेमबाजीच्या नॅशनल मॅचेस होऊन राहिल्या, आणि तिथल्या सर्व्हिस रायफल (सैन्याच्या धाटणीच्या रायफलींच्या) क्लासमध्ये स्कोपला परवानगीच मिळाली २०१६ मध्ये, त्याआधी सगळे साध्या साइटवर खेळायचे. परवानगी दिली तीही बांधून दिली, जास्तीत जास्त ४.५ पॉवर आणि समोरची काच ३४ एमएमच्या वर नाही. मोठा स्कोप लावून त्याला साडेचारवर ठेवतो म्हणशील तर तेही नाही जमत, स्कोपची कमाल पॉवरच तेवढी पाहिजे. यावर्षीचं रूलबुक स्वतः वाचून घे, क्लबमधल्या कोणाच्या तोंडी सांगण्यावर पैसे घालू नको.

आता तू म्हणशील साडेचार पॉवरमध्ये सहाशे यार्डांवर काय दिसणार. हाच प्रश्न मलाही पडला होता म्हणून मी कागदावर हिशोब केला. सहाशे यार्डांच्या टारगेटचा काळा गोल ३६ इंचांचा असतो, दहाचा रिंग १२ इंच, त्याच्या आत सगळ्यात मधला एक्सचा रिंग ६ इंच. साडेचार पॉवरमधून सहाशे यार्ड म्हणजे डोळ्याला १३३ यार्डांवर ठेवल्यासारखं, आणि तो काळा गोल पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा थोडासाच लहान दिसतो. चंद्राच्या मधोमध क्रॉस (स्कोपमधली नेमाची फुली) धरायला तुला २४ पॉवर लागते का? नाही ना. गोल आकाराचं मध्य शोधायचं काम डोळा स्वतःहून फार छान करतो, माणसाला ती देणगीच आहे. आपला कोल्हापूरचा स्वप्नील कुसळे, पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेऊन आला, त्या खेळात तर दुर्बीण चालतच नाही, बारीक छिद्रातून पाहून पन्नास मीटरवर १०.४ एमएमचा दहा मारायचा असतो. गोलात गोल बसवायचा, बस.

आणि पॉवर वाढली की फक्त टारगेट मोठं होत नाही रे, सगळंच मोठं होते. तुझा श्वास, तुझी नाडी, खांद्याची थरथर. कोर्स आठव तुझाच, ५० गोळ्या, त्यातल्या पहिल्या दहा दोनशे यार्डांवर उभं राहून, मग बसून दहा गोळ्या साठ सेकंदांत, मग तीनशे यार्डांवर पालथं पडून दहा गोळ्या सत्तर सेकंदांत, आणि शेवटी सहाशेवर सावकाश वीस. उभ्याच्या दहात क्रॉस जागेवर थांबणार नाही हे तुलाही माहीत आहे, मोठ्या पॉवरमध्ये ती हालचाल एवढी भयानक दिसते की माणूस ट्रिगर दाबायला घाबरतो, मग नेमका चुकीच्या वेळी ओढतो. मी काल दुपारी मुद्दाम गच्चीवर जाऊन आपला जुना २० ते ६० चा स्पॉटिंग स्कोप (टारगेट पाहायची वेगळी दुर्बीण) सेमिनरी हिल्सच्या झाडांकडे लावून पाहिला. वीसवर फांद्या जरा डुलत होत्या, साठवर नेलं तर सगळं पाण्यातल्या सारखं उकळून राहिलं, फांदी कुठली आणि पान कुठलं समजेना. ही सगळी तापलेल्या हवेची लाट, वर्धा रोडवर दुपारी डांबरावर पाणी सांडल्यासारखं दिसते ना तीच. तुमच्याकडे आमच्यासारखं ४५ डिग्री नसेल पण उन्हात तापलेल्या गवतावरून सहाशे यार्ड पाहिलं तरी तेच होते, वर गोळ्या मारून तापलेली नळी स्कोपसमोर आपली वेगळी वाफ सोडते. ती लाट वाचायला शिक, वारा कुठून आहे ते तीच सांगते, पण त्यासाठी शेजारी स्पॉटिंग स्कोप ठेव. वाऱ्याबद्दल नंतर कधी वेगळं पत्र लिहीन, ताशी दहा मैलांचा आडवा वारा सहाशेवर तुझी गोळी दोन फुटांहून जास्त सरकवतो एवढं लक्षात ठेव आणि तिथे तर बाजूलाच एरी सरोवर आहे.

आता माझ्या धंद्याचा भाग, हा नीट वाच. तुझं कार्ड माझ्या दुकानात अजून आहे, गेल्या दिवाळीत आला तेव्हा काढलेला नंबर, उजवा डोळा मायनस १.७५, सिलिंडर (डोळ्याच्या वाकड्या गोलाईचा नंबर) मायनस ०.७५, आणि जवळचा १.५० चढला होता. अठ्ठेचाळीस वय झालं बे आपलं. एनसीसीत पॉइंट टू टू रायफल घेऊन पंचवीस यार्डांवर आपण झोपायचो तेव्हा समोरची टिप आणि टारगेट दोन्ही लख्ख दिसायचं, आता डोळ्याच्या आतलं भिंग कडक झालं, एका वेळी एकच अंतर पकडते. म्हणून या वयात स्कोप म्हणजे आशीर्वाद आहे, कारण त्यात क्रॉस आणि टारगेट एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात, डोळ्याला इकडून तिकडे उड्या माराव्या लागत नाहीत. पण प्रोग्रेसिव्ह (लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत असलेला) चष्मा घालून पालथं झोपशील तर मान मागे जाते आणि तू काचेच्या वरच्या नाकाजवळच्या कोपऱ्यातून पाहतो, तिथे नंबर खरा नसतो, चित्र तिरपं वाटते. फक्त लांबच्या नंबरचा साधा सिंगल व्हिजन चष्मा करून घे, फ्रेम मोठी घे आणि काचेचं सेंटर वर आणि नाकाकडे काढायला सांग. मापं मला पाठवली तर मीच करून पाठवतो.

स्कोपच्या मागच्या भिंगाचा रिंग असतो तो पॉवरचा नाही, तुझ्या डोळ्यासाठी क्रॉस लख्ख करायचा. बहुतेक लोक तो कधी फिरवतच नाहीत. पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे (सूर्याकडे चुकूनही नको) स्कोप धर, दोन सेकंद पाह, डोळा काढ, थोडं फिरव, परत दोन सेकंद पाह. एकटक पाहत फिरवलं तर डोळा स्वतः ताण घेऊन क्रॉस साफ करून घेतो आणि तुला वाटते जमलं, मग वीस गोळ्यांनंतर डोकं दुखायला लागते. दुकानात नंबर काढताना मी पेशंटला मध्ये मध्ये डोळा मिटायला लावतो ते याचसाठी.

आणि रेड डॉटचं, म्हणजे नेमाला काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटचं, तू विचारलं होतं. तुझ्या सिलिंडरमुळे तुला तो ठिपका गोल दिसणार नाही, शेपटी फुटल्यासारखा किंवा स्वल्पविरामासारखा दिसेल. दुकानात त्यातून मोबाइलने फोटो काढून पाह, फोटोत गोल आला तर डॉट चांगला आहे, दोष डोळ्याचा. काचेवर कोरलेल्या रेटिकलचा (म्हणजे क्रॉसचा) हा त्रास फार कमी, म्हणून तुझ्यासाठी कोरलेलंच बरं.

दुसरा हिशोब एक्झिट प्युपिलचा, हा सोपा आहे, समोरच्या काचेचे एमएम भागिले पॉवर. २४ एमएमची काच साडेचारवर ५.३ एमएमचा प्रकाशाचा गोल डोळ्यात टाकते, तीच काच सहावर ४ आणि आठवर ३. उन्हात तुझी बाहुली दोन-तीन एमएमचीच असते, म्हणजे साडेचारवर डोक्याला इकडे तिकडे सरकायला जागा उरते, आठवर जरा हललं की कडेला काळी चंद्रकोर येते. तू तीन पोझिशन्समध्ये मारणार आहे, उभं राहिल्यावर डोकं मागे असते, पालथं झोपलं की नाक पुढे घसरते, प्रत्येक वेळी गाल दस्त्यावर वेगळ्या जागी बसतो. म्हणून साडेतीन ते चार इंच आय रिलीफवाला (मागच्या भिंगापासून डोळा ठेवायचं अंतर) घे. तुझा तो जपानी मित्र वापरतो तो एकॉग ४ बाय ३२ (४ पॉवर, ३२ एमएमचा स्कोप) चांगली वस्तू आहे, पडूनही झीरो (बसवलेला नेम) सोडत नाही, पण त्याचा आय रिलीफ दीड इंच, चष्मा लावून बसून बघ एकदा म्हणजे समजेल.

गाल एकाच जागी ठेवायचं आणखी एक कारण आहे, पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की क्रॉस टारगेटवरून सरकल्यासारखा दिसतो तो. या छोट्या स्कोपमध्ये तो कंपनीतूनच शंभर किंवा दीडशे यार्डांवर बसवलेला असतो, बदलायची सोय नाही. शंभरवर बसवलेला २४ एमएमचा स्कोप असेल आणि तू सहाशेवर डोळा एकदम कडेला ठेवून पाहिलं तर गोळी फार फार तर अडीच इंचांच्या आसपास सरकते. एक्सचा रिंग ६ इंचांचा, म्हणजे बाद नाही करत पण खाते.

आता क्लिकबद्दल, म्हणजे नेम सरकवायची स्कोपवरची चकती एकेक खट फिरते त्याबद्दल, आणि यात मी स्वतः होरपळलो आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या स्प्रिंगच्या एअर रायफलवर मी एक स्वस्तातला ३ ते ९ चा स्कोप बसवला होता, डब्यावर सगळं लिहिलेलं, वॉटरप्रूफ, शॉकप्रूफ. पहिले दोन आठवडे मस्त ग्रुप, मग गोळ्या फिरायला लागल्या. मी श्वास बदलला, पेलेट बदलले, पकड बदलली, रोज सकाळी सहाला उठून कागदं फाडली. मग लक्षात आलं की दोन क्लिक वर दिले की गोळी तिथेच राहते आणि तिसऱ्या गोळीला अचानक चार क्लिकची उडी मारते. शेवटी चष्म्याच्या टेबलवर भिंगाखाली तो उघडला. आत एक बारीक नळी असते, वरून आणि बाजूने टरेटचे (त्या चकत्यांचे) स्क्रू तिला ढकलतात आणि समोरून एक पत्ती तिला स्क्रूवर दाबून धरते. ती पत्तीच नरम पडली होती, बोटाने दाबली तर परत येईना. स्प्रिंगची एअर रायफल आधी मागे आणि मग लगेच पुढे झटका देते, त्या उलट्या झटक्याने भलेभले स्कोप जातात हे मला नंतर कळलं. विकणाऱ्याने हात वर केले. पैसे गेले त्याचं नाही पण तीन महिने मी स्वतःच्या नेमबाजीला दोष देत राहिलो त्याचं आजही वाईट वाटते, म्हणून तुला सांगतो.

तुला तर दोनशेवरून सहाशेवर जाताना साधारण १२ एमओए (एक एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) चढवायचे आहेत, गोळीप्रमाणे थोडं कमीजास्त. पाव एमओएचे क्लिक असतील तर ४८ क्लिक वर, आणि पुढच्या मॅचला परत ४८ खाली. सहाशेवर पाव एमओए म्हणजे दीड इंच. ते ४८ क्लिक प्रत्येक वेळी तेवढेच वर गेले पाहिजेत आणि तितकेच खाली आले पाहिजेत, स्कोपचे पैसे याच कामाचे द्यायचे असतात, काचेच्या चमकेचे नंतर. घेतल्यावर शंभर यार्डांवर चौकोन मार, एकाच ठिपक्यावर नेम धरून तीन गोळ्या, २० क्लिक उजवीकडे फिरवून तीन, २० वर, २० डावीकडे, २० खाली, शेवटच्या तीन पहिल्या तिघींच्या भोकांवर बसल्या पाहिजेत. नाही बसल्या तर वॉरंटी असताना परत कर, दया दाखवू नको.

तुला प्रॅक्टिकलच्या मॅचही खेळायच्या आहेत, पण त्यासाठी वेगळा स्कोप घ्यायची गरज नाही. तिथे जवळचं टारगेट आणि लांबचं टारगेट एकाच दमात येते, पळून धापा टाकत नेम धरायचा. एक पॉवरवर दोन्ही डोळे उघडे ठेवून शंभर यार्डांवर साधारण शंभर फुटांचा पट्टा दिसतो, तुझ्या त्या २४ पॉवरमध्ये चार-पाच फूट, टारगेट शोधण्यातच वेळ जाईल. म्हणून १ ते ४ किंवा १ ते ४.५ घे, पॉवरच्या रिंगला छोटी दांडी लावून घे. रेटिकल बारीक पण खाली दोन-चार खुणा असलेलं पाहिजे, म्हणजे प्रॅक्टिकलमध्ये क्लिक न फिरवता खुणेवर धरता येते. फक्त सेकंड फोकल प्लेनमध्ये (पॉवर बदलली तरी रेटिकल तेवढंच दिसते) त्या खुणा बहुधा सगळ्यात वरच्या पॉवरलाच खऱ्या असतात, हे डोक्यात पक्कं कर. फर्स्ट फोकल प्लेनचा (रेटिकलही पॉवरसोबत लहानमोठं होते) आग्रह धरू नको, एक पॉवरवर ते रेटिकल एवढं बारीक होते की आपल्या वयाला सापडत नाही. ल्युपोल्डचा मार्क ४ एचडी १ ते ४.५ बाय २४ येते तो हातात घेऊन पाह. फक्त सर्व्हिसच खेळायचं असतं तर नाईटफोर्सचा फिक्स ४.५ बाय २४ सांगितला असता, पण तुला दोन्ही खेळायचं आहे.

माउंटमध्ये (स्कोप रायफलवर बसवायच्या पकडीत) कंजुषी नको, एकाच तुकड्याचा पुढे सरकलेला घे, तुझ्या रायफलची रेल (माउंट अडकवायची पट्टी) मागेच संपते. रिंगचे स्क्रू टॉर्क रेंचने आवळ, साधारण १५ ते १८ इंच-पाउंड, माउंटच्या कागदावर वेगळं असेल तर तेच खरं. आणि क्रॉस उभा आहे की नाही ते नजरेने ठरवू नको. गवंड्याचा ओळंबा लांब भिंतीवर टांग, रायफल लेव्हलवर ठेव आणि उभी रेघ दोरीवर बसव. स्कोप पाच अंश कलला असेल तर १२ एमओए चढवताना एक एमओए बाजूला जाते, सहाशेवर सहा इंचांहून जास्त, आणि तू वाऱ्याला शिव्या देत बसशील.

स्कोप आला की चौकोनाच्या कागदाचा फोटो पाठव, गोळ्यांना नंबर टाकून. आणि चष्म्यासाठी रायफल खांद्याला लावून पालथं झोप, वहिनीला बाजूने आणि समोरून फोटो काढायला सांग (रायफल रिकामी, बोल्ट मागे, आणि समोरचा फोटो झूम करून एका बाजूने, नळीसमोर कोणी येऊ नको). त्यावरून तुझा डोळा काचेत कुठे येते ते मला कळेल, फ्रेम मी इकडे काढून ठेवतो.

तुझाच,
धरमपेठवाला