एचटीएच्या दूरशिक्षणात विदर्भाची उदाहरणे हवीत

महोदय,

नागपुरातील एका शासकीय रुग्णालयात मी औषधनिर्माण अधिकारी आहे. औषधभांडार आणि खरेदीच्या मागण्या माझ्याकडे असतात. नवे किट किंवा यंत्र घ्यायचे म्हटले की चर्चा दरपत्रकावर येऊन थांबते. सर्वांत कमी दर कोणाचा, एवढेच पाहिले जाते. त्या पैशात रुग्णाच्या पदरात नेमके काय पडणार, याचा हिशेब मांडणारे शास्त्र म्हणजे आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन, अर्थात एचटीए. ते शिकण्यासाठी मी एका परदेशी विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम केला.

शिकवणे उत्तम होते. रेकॉर्ड केलेली व्याख्याने रात्री घरचे आवरून ऐकता येत. एक्सेलमध्ये खर्च-फायद्याच्या हिशेबाचे मॉडेल बांधताना अडले तर लिहून विचारता येई. नोकरी आणि घर सोडून बाहेरगावी शिकायला जाणे माझ्यासारखीला जमणारे नाही, त्यामुळे दूरशिक्षणाचे मोल मी जाणते. पण स्वाध्याय सगळे तिकडचे! उपचारांचे असे मूल्यमापन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या पद्धतीत मुख्य हिशेब सरकारी आरोग्य व समाजसेवेच्या खर्चाचा असतो. त्यांच्या व्यवस्थेला ते साजेसे आहे. आपल्याकडे गडचिरोलीहून एसटीने नागपूरच्या मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) येणाऱ्याची मजुरी बुडते, सोबतच्या माणसाचे खाणे-राहणे अंगावर पडते. भारताच्या एचटीए मार्गदर्शिकेत रुग्णाच्या खिशातला खर्चही धरायला सांगितला आहे. तो कसा धरायचा, हे आम्हाला हाताने करून शिकायला हवे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचेच घ्या. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. पहिल्या तपासणीची सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त, पण पॉझिटिव्ह आलेला माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी करावी लागते. तो अहवाल येईपर्यंत एखादी बाई कापूस वेचायला दुसऱ्या गावी गेलेली असते आणि ती रुग्ण असली तर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू करायचे राहून जाते. जागच्या जागी निदान सांगणारे किट महाग दिसते. पण अशी किती माणसे हातची निसटतात हे धरले, तर गणित बदलू शकते. विदर्भातल्या आरोग्य कर्मचाऱ्याला याहून चांगला स्वाध्याय कोणता देणार?

कच्चा माल देशात तयार आहे. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाची एचटीए यंत्रणा काम करते आहे, चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने उपचारखर्चाची माहिती एकत्र केली आहे, आजारपणात जगण्याचा दर्जा आकड्यांत मोजण्यासाठी भारतीयांची मूल्येही ठरली आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने या आधारावर ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढावा. संज्ञा इंग्रजी राहू द्याव्यात, पण समजावणे मराठीत असावे. मॉडेल बांधण्याचा सराव मात्र समोरासमोरच हवा. त्यासाठी विद्यापीठाच्या नागपूर विभागीय केंद्रात शनिवार-रविवारची सत्रे ठेवता येतील. शुल्क शासकीय पगारातून झेपेल असे असावे आणि प्रमाणपत्राची नोंद सेवापुस्तकात व्हावी. प्रवेश केवळ डॉक्टरांपुरता न ठेवता परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि औषधनिर्माण अधिकाऱ्यांसाठी पहिल्याच तुकडीत जागा राखून ठेवाव्यात, ही विनंती.

– एक औषधनिर्माण अधिकारी, मानेवाडा, नागपूर