सही करायच्या आधी

डिचोली

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही. प्रकाशला ठोकरलेल्या त्या भाड्याच्या गाडीचा मालक चाळीस हजार रोख द्यायला तयार आहे, फक्त एका कागदावर सही हवी, असं तू म्हणालास. तुला हायसं वाटल्यासारखं दिसलं, म्हणून लगेच लिहायला बसलो. मी वकील नव्हे, पण म्हापशाच्या वकिली ऑफिसात टायपिंग करताना अपघाताचे इतके दावे हाताखालून गेलेत की अशा कागदात काय लिहिलेलं असतं ते मी न बघता सांगतो. ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, यापुढे तक्रार नाही.’ उद्या ट्रिब्युनलपुढे, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणापुढे, समोरचा वकील आधी तोच कागद काढणार. सही करू नको, प्रकाशलाही करू देऊ नको.

गाडी चालवणारा पर्यटक दिल्लीला निघून गेला, आता कुणाला धरायचं, ही तुझी काळजी. त्याच्या मागे धावायला नको. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम १६६ खाली दावा चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांवर लावतात, आणि पैसे बहुधा कंपनी भरते. अर्ज अपघात झाला तिथे किंवा जखमी माणूस राहतो तिथे करता येतो, म्हणजे तुम्हाला उत्तर गोव्याबाहेर पाऊल टाकायला नको. फौजदारी खटल्याचं काय व्हायचं ते होवो, भरपाईचा दावा वेगळा चालतो आणि त्यात पुरावाही खटल्याइतका कडक लागत नाही.

एक मात्र बघ. त्या गाडीची नंबरप्लेट काळी, पिवळ्या अक्षरांची, म्हणजे भाड्याच्या परवान्याची होती, की पांढरी, म्हणजे खाजगी? खाजगी गाडी चोरून भाड्याने दिलेली असेल तर कंपनी ‘पॉलिसीच्या अटी मोडल्या’ म्हणून हात वर करते. तरीही अशा प्रकरणांत ‘कंपनीने आधी भरावे, मग मालकाकडून वसूल करावे’ असे आदेश पुष्कळदा होतात. पाटी पांढरी निघाली तर मालकाला एवढी घाई का, हे तुझं तुलाच कळेल.

मुदतीचं ऐक. १ एप्रिल २०२२ पासून हा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा आहे. त्या तरतुदीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नको. अपघात शिगम्याचा, होळीच्या दिवसांतला, आणि आता चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली. चवथ होऊ दे, मग बघू, असं या वेळी चालणार नाही.

आता पायाचं. गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातल्या) डॉक्टरांनी प्लेट घातली, हाड जुळलं, पण डावा घोटा खाली-वर होत नाही. डॉक्टरांचं बोर्ड तपासून दाखला देईल, त्यावर समज वीस टक्के अपंगत्व लिहिलं. तुम्हाला वाटेल, वीस टक्के म्हणजे विशेष काही नाही. कंपनीलाही तसंच वाटून घ्यायचं असतं! पण २०११ साली छापून आलेल्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सुप्रीम कोर्टाने बजावलंय की दाखल्यावरचा टक्का आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी. डावा हात गेला तर सुताराचं किंवा ड्रायव्हरचं सगळंच गेलं, कारकुनाचं तेवढं जात नाही. प्रकाश पायलट आहे, मोटरसायकलवरून भाड्याने गिऱ्हाईक नेणारा. मोटरसायकलचा गिअर डाव्या पायाने पडतो. दिवसभर मागे गिऱ्हाईक बसवून, पावसात, चढावर, सिग्नलला, तो घोटा किती वेळा हलतो ते त्याच्या स्टँडवर अर्धा तास उभा राहून बघ. बाकी काही सिद्ध नाही केलं तरी हे सिद्ध करा.

हिशेब कसा होतो तेही सांगतो. महिन्याची कमाई पंधरा हजार धरली. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, म्हणजे एकवीस हजार. वर्षाचे २,५२,०००. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचं; वय ३८, म्हणून गुणक १५. झाले ३७,८०,०००. कमाईतली घट वीस टक्के धरली तर ७,५६,००० येतात, आणि ट्रिब्युनलने पन्नास टक्के घट मान्य केली तर १८,९०,०००. इतके मिळतीलच असं म्हणत नाही, पण चाळीस हजार त्याच्या शेजारी ठेवून बघ. शिवाय औषधोपचार, घरी बसून बुडालेली कमाई, यातना, पुढे प्लेट काढायचा खर्च हे वेगळं. गोमेकॉत बिल फारसं आलं नाही म्हणून खर्चच नाही असं समजू नको. टॅक्सीचे पैसे, आणि त्याच्या बायकोने काजूच्या कारखान्यातली नोकरी सोडून केलेली सेवा, तिचीही किंमत मागता येते.

अडचण आहे ती कमाईच्या पुराव्याची. पायलटला पगाराची स्लिप कुठली? परमिट, बॅज, पिग्मीचं पासबुक, गाडीच्या कर्जाचे हप्ते, हे गोळा कर. स्टँडवरचे दोघे-तिघे साक्षीला यायला हवेत. आज हो म्हणतील, वर्षाने तारीख पडल्यावरही यायला हवेत.

विमा कंपनीचा माणूस त्याच कायद्यातल्या कलम १६४ चं नाव काढेल. त्यात कुणाची चूक हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. चूक सिद्ध होण्यासारखी नसती तर मीच म्हटलं असतं, घे. पण ते स्वीकारले की १६६ चा दावा संपतो. इथे पंचनाम्यातल्या नकाशात गाडी उलट्या बाजूला आलेली दिसते म्हणतोस, मग कशाला? लोक अदालतीत तडजोड झाली तर ती वाईट नव्हे, पैसे लवकर हातात पडतात, फक्त त्यावर अपील नाही हे ध्यानात ठेवून आकडा कबूल करायचा.

आणि तो ‘मिळतील त्यातले वीस टक्के द्या’ म्हणणारा वकील नको. निकालावर टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी आधी ठरवा. परवडत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे विचार. अपंगत्व असलेल्याला आणि ठराविक मर्यादेखाली उत्पन्न असलेल्याला फुकट वकील मिळतो.

दोन-तीन वर्षं लागतील रे, खोटं कशाला सांगू. पण साधारणपणे अर्ज केल्या तारखेपासून व्याज धरतात, म्हणून लवकर अर्ज करण्यात आणखी एक फायदा.

रविवारी दुपारी साखळीला येतो. एफआयआरची प्रत, पंचनामा, आझिलोतला (म्हापशाच्या सरकारी इस्पितळातला) पहिला केसपेपर आणि गोमेकॉचं डिस्चार्ज कार्ड काढून ठेव. एक्स-रे गुंडाळून ठेवले असतील तर सरळ कर. मालकाचा फोन आला तर ‘वकिलाला विचारून सांगतो’ एवढंच म्हण, भांडू नको. आईंना नमस्कार, आणि प्रकाशला सांग, जेवण माझ्यासाठीही ठेवायला लाव.

तुझा,
रमाकांत