चुकलेल्या पत्त्यावर जाहिराती दाखवणं थांबवा: केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

महोदय,

तालुक्याच्या गावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. गेल्या जूनमध्ये बारावी झालेली एक मुलगी वडिलांबरोबर आली. शिष्यवृत्तीच्या साइटचा पत्ता तिनं स्वतः टाइप केला आणि घाईत एक अक्षर गाळलं. त्या नावाची साइट अस्तित्वातच नव्हती, तरी पान उघडलं. वर इंटरनेट कंपनीचं नाव, खाली शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज, ‘आजच नोंदणी करा’ अशा जाहिराती. तिनं पहिल्याच लिंकवर आधार क्रमांक भरायला घेतला होता. माझं लक्ष गेलं म्हणून थांबवलं. वडील म्हणाले, “पण दादा, साइट तर उघडली ना?” त्यांचं काय चुकलं?

पत्ता टाइप केला की संगणक आधी डीएनएस सर्व्हरला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा क्रमांक सांगणाऱ्या संगणकाला, त्या नावाचा आयपी क्रमांक विचारतो. नाव नोंदलेलंच नसेल तर ठरलेलं उत्तर एकच: असं नाव नाही. हा सर्व्हर बहुतेक घरांत कनेक्शन देणाऱ्या कंपनीचाच असतो. काही कंपन्या ते ‘नाही’ दाबून ठेवतात आणि आपल्या जाहिरातींच्या सर्व्हरचा क्रमांक देतात. टपाल खातंही आपल्याच अखत्यारीत आहे. पत्ता सापडला नाही तर पोस्टमन तसा शेरा मारून पत्र परत पाठवतो, दुसऱ्याच दुकानात नेऊन टाकत नाही.

डीएनएसला फक्त ब्राउझरच विचारतो असंही नाही. मेलच्या पत्त्यात डोमेनचं नाव, म्हणजे @ नंतरचा भाग, चुकलं तर ‘नाही’ मिळताच मेल परत येतो आणि चूक लगेच कळते. खोटा क्रमांक मिळाला तर मेल सर्व्हर दिवसचे दिवस प्रयत्न करत बसतो आणि पाठवणाऱ्याला वाटतं, मेल पोचला. जाहिरातींच्या पानावर कोपऱ्यात ‘ही सेवा बंद करा’ अशी बारीक लिंक कधी कधी असते. ती बऱ्याचदा त्या ब्राउझरमध्ये एक कुकी, म्हणजे निवड लक्षात ठेवणारी छोटी नोंद, ठेवते, एवढंच. मेलला तिचा काही उपयोग नाही.

हा प्रयोग जगानं एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. 15 सप्टेंबर 2003 रोजी .कॉम आणि .नेट नावांची नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीनं ‘साइट फाइंडर’ सुरू करून त्यांतलं प्रत्येक न नोंदलेलं नाव स्वतःच्या पानाकडे वळवलं. पाठवणाऱ्याचं डोमेन खरं आहे का, हे पाहून स्पॅम अडवणारी व्यवस्था त्यामुळे कोलमडली. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेनं खडसावल्यावर 4 ऑक्टोबरला ते बंद करावं लागलं. पुढे 2008 मध्ये सुरक्षातज्ज्ञ डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिलं की अमेरिकेतल्या अशाच एका जाहिरात सर्व्हरमधल्या त्रुटीमुळे नामांकित साइटच्या नावाखाली कुणालाही हवा तो मजकूर दाखवता येत होता. म्हणजे बँकेची साइट कितीही पक्की असली तरी धोका मधल्या कंपनीनं आणून ठेवला.

आपल्या सरकारनं 2018 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे कंपनीनं इंटरनेटवरच्या मजकुरात भेदभाव किंवा ढवळाढवळ करू नये अशी, तत्त्वं स्वीकारली. माझ्या मते डीएनएसचं उत्तर बदलणं त्या तत्त्वांच्या विरुद्धच आहे, पण पळवाट राहू नये म्हणून लायसन्समध्ये स्पष्ट अट घाला: नाव अस्तित्वात नसेल तर कंपनीनं ‘नाही’ हेच उत्तर द्यावं. (न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशानं साइट बंद करणं हा वेगळा विषय, त्याबद्दल मी बोलत नाही.) तपासणीही सोपी आहे. दूरसंचार नियामक ट्रायचं मायस्पीड ॲप इंटरनेटचा वेग मोजतं. त्यातूनच कुठेच नसलेलं एखादं नाव विचारावं. ‘नाही’ऐवजी क्रमांक आला की कंपनी सापडली.

मी दुकानातल्या संगणकांवर डीएनएस बदलून घेतला. त्या मुलीच्या घरी तो कोण बदलून देणार? यंदाचे प्रवेश सुरू व्हायच्या आत आदेश निघावा, ही विनंती. त्या दिवशीच्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवला आहे. आपल्या कार्यालयानं मागितला की पाठवतो.

आपला,
एक सेवा केंद्र चालक